हातानं केलेला फोन

“मी नाही केला फोन,” बाबा म्हणाले. “हातानं केला असेल.”

तेव्हा माझ्या उजव्या हातात तापवलेली मेणसुरी होती आणि डाव्या हाताच्या चिमटीत कुणा अनोळखी म्हातारीचा वरचा सुळा. मी दात करते. दात खोटे, काम खरं. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांचे आम्ही प्लास्टरचे साचे करतो, वरचा आणि खालचा साचा एका बिजागरीवर जबड्यासारखे बसवतो, मेणाच्या हिरड्या करतो आणि त्यांत एकेक दात रोवत जातो. दोन्ही हात दिवसभर गुंतलेले. फोन घ्यायचा तर सुरी ठेवा, मेण पुसा, हात धुवा, तोवर तिकडचा माणूस कंटाळून गेलेला. म्हणून दादानं, माझ्या मोठ्या भावानं, मला आणि बाबांना एकाच दिवशी एकसारखे मनगटी पट्टे घेऊन दिले, आणि मला वर कानात घालायचं एक बारकं बटण. फोन आला की मी नुसतं “उचल” म्हणायचं, बोलून झालं की “ठेव” म्हणायचं. बोलायचंच नसेल तर मनगट एकदा झटकायचं, फोन जातो. बाबांनी अंगठा आणि तर्जनी दोनदा एकमेकांना टेकवली की त्यांचा फोन थेट माझ्या कानात. बाबांच्या पट्ट्याला बोललेलंही कळतं, पण त्यांचा आवाज आजारानं इतका खाली गेला आहे की तो मलाच कळत नाही, पट्ट्याला काय कळणार. शिवाय ते म्हणाले होते, “मनगटाशी काय बोलायचं?” म्हणून बोटं. दादा म्हणाला होता, यात चुकण्यासारखं काही नाहीच, आणि मीही मान डोलावली होती.

हातानं केला असेल. मी “बरं” म्हटलं, “ठेव” म्हटलं आणि सुळा मेणात रोवला. मग पाहिलं तर तो उलटा बसला होता, आतली बाजू बाहेर. शेजारच्या टेबलावर आमची पॉलिशवाली बसते. कवळीला शेवटची चकाकी तीच आणते. ती म्हणाली, “काय म्हणतात गं बाबा?” मी म्हटलं, “काही नाही, नेहमीचंच.” खरं तर तिच्यासाठीच मी बाबांना मघाशी विचारलं होतं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, लाडिक वैतागून: “बाबा, दिवसातून किती वेळा फोन कराल हो?” मला तिला दाखवायचं होतं. तिच्या वडिलांनी तिचं तोंड बघणं कधीच सोडलं आहे, आणि मला माझे वडील घटकेघटकेला फोन करतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलं नसतं. कित्येक महिने सांगितलं नव्हतंच. कानात पी-पी वाजायचं, मी “उचल” म्हणायची, आणि त्यांची खोली माझ्या कानात उघडायची. पंख्याची एका बाजूला अडखळणारी घरघर, वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज, लांब कुठंतरी बादली भरत असल्याचा. मी म्हणायची, “काय बाबा?” ते म्हणायचे, “काही नाही.” मी “ठेव” म्हणायची. यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं, पण मला ते बोलणं वाटायचं. आयुष्यभर ज्या माणसानं मला हाक म्हणून मारली नाही, तो आता ‘काही नाही’ एवढं सांगायला मला फोन करतो, याचं मला अप्रूप होतं. अप्रूप कसलं, सुख होतं. दाताला दात लावत मी त्या सुखावर दिवस काढत होते. आता ते सुख कुणाच्या नावावर लावायचं?

डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी बाबांना हात मांडीवर सैल ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाले, “बघा, अंगठा बोटावर कसा फिरतोय. गोळी वळल्यासारखा. हात रिकामा असला की हे होणार. कामाला लावला की थांबेल.” मी बघितलं होतं. अंगठा तर्जनीवर घासत होता, सुटत होता, पुन्हा टेकत होता, अगदी मन लावून. आणि त्याच हाताला आम्ही पट्टा बांधला, आणि त्याला सांगितलं की अंगठा नि तर्जनी टेकवली की फोन लागतो! हाताच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. मला मात्र आरसा लागला, आणि तोही बाबांनीच धरायला लागला. कदाचित मला कळलं होतं आणि मी कळू दिलं नव्हतं. तसं असलं तर ते कुणी केलं, मी की आणखी कुणी, हेही मला सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून मी जुने फोन आठवून आठवून वेगळे करायला लागले, जसे आम्ही पेटीतले दात रंगांप्रमाणे वेगळे करतो. हा बाबांचा, हा हाताचा. एकदा खूप वारं सुटलं होतं आणि खिडक्या आपटत होत्या, तेव्हा त्यांनी “निघालीस का?” विचारलं होतं. तो नक्की बाबांचा. पण कुणास ठाऊक, हातानं लावला असेल आणि लागलाच आहे तर विचारू, म्हणून त्यांनी विचारलं असेल. आई गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी दुपारी फोन आला होता. मी “काय बाबा?” म्हटलं आणि ते काहीच म्हणाले नाहीत, ‘काही नाही’सुद्धा नाही. मीही “ठेव” म्हटलं नाही. पंखा अडखळत होता. मी एका खालच्या दाढेची उंची पुन्हापुन्हा घासत होते आणि आम्ही दोघं खूप वेळ तसेच होतो. तो फोन मी मनात जपून ठेवला होता, इतर कशाहीपेक्षा. आता तो मी हातात घेतला आणि फिरवून फिरवून बघितला. त्या दुपारीही बाबांचा हात रिकामाच होता. आई असताना तिनं धरलेला असायचा तो, हे खरं, पण ती गेल्यावर रिकामाच. रिकामा हात थरथरतो. थरथरला की फोन लागतो. मग त्या दुपारी मला कुणी फोन केला होता? मला कळेना. आणि न कळण्याचा मला राग यायला लागला, म्हणजे बाबांचा. एका शब्दानं त्यांनी माझी सगळी पुंजी खोटी ठरवली होती, आणि वर पंख्याखाली पेपर वाचत बसले होते.

बाबांच्या हाताविषयी सांगायलाच हवं, नाहीतर हा नुसता आजार वाटेल. ते गोदीत क्रेनचे सिग्नलमन होते. क्रेनचा ड्रायव्हर वर काचेच्या खोपटात बसतो, त्याला खालचं काही ऐकू येत नाही, आणि हुकाखाली काय आहे तेही पुष्कळदा दिसत नाही. तो खाली उभ्या एका माणसाकडे बघतो, आणि त्या माणसाचा हात सांगेल तेच करतो. तर्जनी वर करून हवेत गोल फिरवली की वर घे. खाली करून फिरवली की खाली घे. हात आडवा पसरून तळवा जमिनीकडे ठेवून हलवला की थांब. खुणा मोजक्याच, पण त्या मोठ्या करायच्या, पूर्ण दंडातून, लांबून आणि धुळीतून दिसतील अशा. आणि दोन खुणांच्या मध्ये हात मेलेला. बाबा सांगायचे, डोक्यावर माल लोंबकळत असला आणि नाकाला खाज सुटली तरी हात उचलायचा नाही. माशी बसली तरी नाही. ओळखीचं माणूस दिसलं म्हणून हात केला नि वरच्यानं त्याचा भलताच अर्थ घेतला, तर खाली उभा असलेला माणूस घरी जात नाही. म्हणजे सगळा धंदा हात हलवण्याचा, आणि त्यातली सगळी कसोटी न हलवण्याची. ती सवय घरी आली होती. ते बोलताना हातवारे करत नसत. रिकामे असले की हात पाठीमागे, नाहीतर खिशात. आई म्हणायची, “यांचं तोंड हातात आहे, आणि हात खिशात.” मला ते हाक मारत नसत असं मी म्हणाले, ते अगदी खरं आहे. मी मैदानात घसरगुंडीच्या टोकावर बसलेली असले, की ते कुंपणापाशी येऊन उभे राहत आणि तर्जनी जमिनीकडे करून गोल फिरवत. मी खाली येत असे. बरोबरच्या मुली फिदीफिदी हसत, “तुझी क्रेन आली गं!” मला लाज वाटे, पण मी येत असे. एकदाही असं झालं नाही की त्यांनी खूण केली आणि मला समजली नाही. आता इतक्या वर्षांनी त्यांचा हात मला दिवसभर बोलावत होता आणि मला समजत नव्हतं की तो बोलावतो आहे की नाही.

पट्टा आला त्या दिवशी दादा व्हिडिओ कॉलवर होता आणि शिकवत होता. “बाबा, अंगठा आणि बोट. दोनदा.” बाबांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीतून उठले, दोन पावलं मागं सरले, मला जागा करायला सांगितली आणि उजवा हात दंडापासून उभा करून, डोक्याच्याही वर, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावली. थांबले. पुन्हा लावली. हात जराही कापत नव्हता. फोन लागला नाही. दादा हसायला लागला. “अहो बाबा, एवढं नको! खाली, मांडीवर ठेवून. इवलीशी.” बाबा त्या इवल्याशा खुणेकडे, म्हणजे आपल्याच बोटांकडे, अविश्वासानं बघत राहिले. “एवढीशी?” ते म्हणाले. “ही कुणाला दिसणार?” दादा म्हणाला, “पट्ट्याला दिसते.” बाबा बसले. त्यांनी मांडीवर बोटं टेकवली, माझ्या कानात पी-पी वाजलं, आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी नाही. मला तेव्हा वाटलं त्यांना यंत्राचं कौतुक नाही. आता वाटतं, त्यांच्या लेखी ती खूणच नव्हती. जी लांबून दिसत नाही, जिच्यासाठी उठून उभं राहावं लागत नाही, ती खूण कसली? ते नुसतं बोटांचं चाळवणं. तसं चाळवणं त्यांच्या धंद्यात गुन्हा होता. मग त्यांनी मांडीवरून मनापासून फोन केला, तरी तो केला असं ते मानणार का? की ‘हातानं केला’ हेच म्हणणार? असा विचार केला की मला बरं वाटे, आणि मग वाटे की मी आपल्या सोयीचा अर्थ लावते आहे.

मी प्रत्येक फोनला विचारायला लागले. “बाबा, तुम्ही की हात?” ते म्हणायचे, “हात.” पुन्हा थोड्या वेळानं, “आत्ताचा?” “हातच.” एकदा काहीच उत्तर आलं नाही आणि मी आनंदले, तर मागून बारीक घोरण्याचा आवाज यायला लागला. झोपेत हात थरथरत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे फोन झोप लागायच्या आधी लागला असणार, आधी म्हणजे नेमका किती आधी, आणि डोळा लागता लागता माणूस आपल्या बोटांनी जे करतो ते कुणाचं? पॉलिशवाली म्हणाली, “तू कामात नाहीस हल्ली.” मी म्हटलं, “आहे की.” नव्हते. मी कानात होते. एकदा चिडून ठरवलं, उचलायचाच नाही. पी-पी वाजलं आणि मी मनगट झटकलं, जसं शिकवलं होतं तसं, आणि त्या हातात मेणात दात लावून पूर्ण झालेला वरचा जबडा आहे याचं भान मला तो सुटल्यावर आलं. तो समोरच्या भिंतीवर आपटला. साचा दुभंगला, दात टेबलांखाली घरंगळले. पट्ट्यानं मात्र आपलं काम चोख केलं होतं, फोन कापला गेला होता.

आमचे मालक बाहेर आले. ते स्वतः उत्तम दात करायचे, आता नजर गेली म्हणून नुसते बघतात. त्यांनी खाली वाकून पटाशीचा एक दात उचलला, फुंकला आणि माझ्या टेबलावर ठेवला. “उद्या सकाळी त्या बाई दात लावून बघायला येणार होत्या,” ते म्हणाले. “महिनाभर पेज पितायत.” मी म्हटलं, “आज बसून पुन्हा करते, सर.” ते म्हणाले, “ते करशीलच. पण एक काय ते ठरव. बाप कानात ठेवून दात होत नाहीत.” पॉलिशवाली खाली मान घालून हसली आणि मलाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही आलं. मी गुडघ्यांवर बसून दात वेचत होते तेव्हा परत पी-पी वाजलं. मी “उचल” म्हटलं. टेबलाखालून मी त्यांचा पंखा ऐकला. “काय बाबा?” “काही नाही,” ते म्हणाले, आणि मग, “धापा का टाकतेस?”

धापा का टाकतेस, हे कोण म्हणालं? निदान हे तरी हात म्हणू शकत नाही.

पट्ट्यांच्या दुकानात दुरुस्तीच्या काउंटरवर एक मुलगी बसते. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी फार बोलले असणार, आईविषयीसुद्धा, कारण तिनं मध्येच पाण्याचा ग्लास पुढं केला. मग म्हणाली, “मॅडम, याला सोपा उपाय आहे. थरथर गाळायची सेटिंग असते. ती चालू केली की असे फोन लागणार नाहीत.” “असे म्हणजे?” “म्हणजे न केलेले.” मी विचारलं, “आणि केलेले?” ती म्हणाली, “केलेले लागतील. फक्त खूण बदलावी लागेल. बोटं टेकवायची, जरा धरून ठेवायची, सोडायची आणि पुन्हा टेकवून धरायची. थरथरणाऱ्या हाताला मध्ये थांबता येत नाही ना. जो थांबतो तो मुद्दाम केलेला.” मला ते वाक्य अंगावर आल्यासारखं झालं. मी म्हटलं, “नक्की?” ती प्रामाणिक होती. म्हणाली, “शंभर टक्के नाही सांगत. थरथर खूप वाढली तर एखादा गाळणीतून सुटतो. आणि कधी कधी केलेलाही अडकतो. पण दोन-चार दिवसांत तुम्हाला कळेलच, खरे किती होते ते.” मी सेटिंग तिथंच चालू करून घेतली नाही. म्हटलं, घरी विचारते. तिला वाटलं असेल, बाई वडिलांना फार मानते. मला भीती वाटत होती. खरे किती होते ते कळेल याची. माणसाला जबड्याचा ठसा देताना भीती वाटते तशी. तोंड आपलंच असतं, पण प्लास्टरमध्ये बघितलं की कळतं आत काय उरलंय.

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांना सेटिंगविषयी सांगितलं. त्यांचा उजवा हात मांडीवर गोळ्या वळत होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भांडं परत द्यायला दाराशी आल्या, आणि मी एक गोष्ट पाहिली जी इतके दिवस पाहिली नव्हती, कारण इतके दिवस मी त्यांना ऐकतच होते. काकूंची चाहूल लागताच बाबांनी डावा हात उजव्या हातावर ठेवला आणि बोटांत बोटं अडकवून घट्ट धरला. थरथर थांबली. काकू हवापाण्याचं बोलल्या, “काय म्हणते तब्येत?” म्हणाल्या, बाबांनी “ठीक” म्हटलं, त्या गेल्या, आणि जिना उतरल्याचा आवाज थांबल्यावर त्यांनी डावा हात काढून घेतला. उजव्या हातानं पुन्हा आपलं काम सुरू केलं. मी बघत राहिले. त्यांना हात थांबवता येत होता. लोकांसमोर ते थांबवत होते. म्हणजे माझ्या कानात पी-पी वाजायचं तेव्हा, एकट्या घरात, तो सैल सोडलेला असायचा.

“बाबा,” मी म्हटलं, “फोन लागतात तेव्हा का नाही धरत असा?”

ते हाताकडे बघत होते. “धरायचा कशाला?” ते म्हणाले.

आता याचा अर्थ काय? मी तो प्रश्न खूप वेळ वर-खाली फिरवला. धरायचा कशाला, एकट्यात कोण बघतंय, लाज कुणाची. किंवा धरायचा कशाला, लागतोय तर लागू दे. किंवा नुसतंच, दमलेल्या माणसाचं, धरायचा कशाला. आवाज इतका बारीक झाला आहे त्यांचा की चढउतार उरलेलेच नाहीत, आणि चेहराही त्या आजारानं गोठत चालला आहे, तोही काही सांगत नाही. ज्या माणसाची एकेक खूण मला मैदानाच्या त्या टोकावरून वाचता यायची, त्याच्यासमोर मी हातभर अंतरावर बसले होते आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तर ती सेटिंग लावत नाही. मला त्रास नाही काही.” ते म्हणाले, “काम बिघडतं तुझं.” हे त्यांना कुणी सांगितलं? मी तर नव्हतं सांगितलं. टेबलाखालच्या त्या फोनमध्ये त्यांनी आणखी काय काय ऐकलं असेल? “लाव,” ते म्हणाले. “हातानं मध्ये मध्ये बोलू नये.” म्हणून मी लावली. नवी खूण त्यांना शिकवली. टेकवा, धरा, सोडा, टेकवा, धरा. ती त्यांनी एकदाच केली, नीट, मध्ये पूर्ण थांबून, आणि माझ्या कानात पी-पी वाजलं. “ही बरी आहे,” ते म्हणाले. “हिला थांबा आहे.”

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पेज पिणाऱ्या बाईंचे दात मी नव्यानं केले होते, त्या येऊन लावून गेल्या. आरशात बघून म्हणाल्या, “माझेच वाटतायत हो!” मालक खूष झाले. हात वेगानं चालत होते, एकही दात उलटा बसत नव्हता. आणि माझ्या कानात, जिथं इतके महिने एक खोली होती, तिथं आता काही नव्हतं. बटण नीट बसलं आहे ना म्हणून मी ते काढून पुसून पुन्हा घातलं. मुद्दाम घरी फोन केला. बाबांनी उचलला, “काय गं?” म्हणाले. मी म्हटलं, “काही नाही.” माझ्या तोंडून ते निघालं आणि मी घाईनं “ठेव” म्हटलं. संध्याकाळी घरी गेले की ते ठीक असत. जेवण झालेलं, औषध घेतलेलं, पेपर घडी घालून ठेवलेला. पंखा अडखळत असे. मी विचारायची, “आज नाही केलात फोन?” ते म्हणायचे, “काम नव्हतं.” म्हणजे उत्तर मिळालं होतं. खरे किती होते ते कळलं होतं. एकही नव्हता. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, “चला, सुटलीस! बघ, किती उपयोगी वस्तू आहे.” आहेच उपयोगी. मला कुठं नाही म्हणायचं आहे? दुकानातल्या मुलीनं सांगितलं तसंच ती वागते. फक्त मला वाटायला लागलं की इतके महिने मला कुणी मागत होतं आणि ते कुणीतरी आता गेलं आहे, आणि त्याच्यासाठी रडायचं तर कोणत्या नावानं रडणार? बाबा तर आहेत. समोर बसलेत. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघायची, आणि एकदा, ते बाथरूममध्ये गेले असताना, त्यांनी काढून ठेवलेला पट्टा मी उचलला आणि गालाला लावला. तो कोमट होता. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, मला पर्वा नव्हती.

त्यानंतर आठवडा झाला असेल, जास्तही. दिवस मी मोजले नाहीत. भर दुपार होती, लॅबमध्ये घासण्याच्या मोटरचा आवाज, ॲक्रिलिकचा उग्र वास, पॉलिशवालीनं नाकाला रुमाल बांधलेला. मी खालचा जबडा बिजागरीवर मिटवून चावा बरोबर बसतो का बघत होते आणि कानात पी-पी वाजलं. मला प्रथम समजलंच नाही ते काय आहे. मग मी “उचल” म्हटलं, इतक्या मोठ्यानं की मोटर थांबली. पंखा. अडखळणारा. मी “काय बाबा?” म्हटलं नाही. टेकवा, धरा, सोडा, टेकवा, धरा. हे मांडीवर झालं, मुद्दाम झालं, मध्ये थांबून झालं. किंवा थरथर वाढली आणि एखादा सुटला. ती मुलगी म्हणाली होती, सुटतो. थरथर वाढली असेल तर आजार वाढला, म्हणजे मी घाबरायला हवं होतं, आणि वाढली नसेल तर त्यांनी मला बोलावलं आहे, त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, माझी खात्री होईल अशा रीतीनं. दोन्हीपैकी काय व्हावं हे मनात ठरवण्याइतकाही वेळ नव्हता. मालक काचेमागून बघत होते. मी हातातला जबडा टेबलावर ठेवला, हळूच.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही केलात, की हातानं?”

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला नाही. बादलीचा नाही. ते श्वास घेत होते, मला ऐकू येत होतं. मग त्यांचा तो झिजलेला आवाज, अगदी कानाशी.

“तुला कुणाचा हवाय?”

पॉलिशवालीनं रुमाल नाकावरून खाली ओढला आणि माझ्याकडे बघत राहिली. माझे दोन्ही हात टेबलावर मोकळे पडले होते. उत्तर मला माहीत होतं असं नाही. ते तोंडात आलं तेव्हाच मला कळलं.

“कुणाचाही,” मी म्हटलं. “कुणाचाही चालेल, बाबा.”

ते हसले की खोकले ते मला समजलं नाही.

“मग ठेवू नको एवढ्यात,” बाबा म्हणाले.